गोचीड ताप : देशी गाय कशामुळे तगते?

घोडेगाव किंवा लोणीच्या बाजारातून घेतलेली, बेंगलोरकडून किंवा पंजाबातून ट्रकने आलेली संकरित गाय नव्या दावणीला पंधरा-वीस दिवस ठीक असते. मग एका सकाळी ती गव्हाणीत तोंड घालत नाही. धार निम्म्यावर आलेली असते, थर्मामीटर १०५ ते १०६ अंश फॅरनहाइट दाखवतो, डोळ्यांतून पाणी गळते आणि खांद्याच्या पुढची गाठ हाताला स्पष्ट लागेल इतकी सुजते. शेजारच्या खुंट्याची खिलार किंवा गावठी गाय मात्र निवांत रवंथ करत असते. गोचीड तिच्याही कानात आणि जांघेत असतात.

यावर गावात दोन उत्तरे ऐकू येतात. एक, व्यापाऱ्याने आजारी गाय गळ्यात मारली. दुसरे, देशी गायीला असले काही होत नाही, ती मुळातच काटक. पहिले उत्तर कधी कधी खरे असते. दुसऱ्यात तथ्य बरेच आहे, पण त्यात तीन वेगळ्या गोष्टी एकाच दाव्याला बांधल्या जातात. देशी गायीच्या कातडीवर गोचीड कमी टिकतात, ही पहिली. परजीवी शरीरात शिरला तरी तिचे शरीर त्याला तोंड देताना स्वतःचाच घात करून घेत नाही, ही दुसरी. आणि वासरू असतानाच तिला सौम्य लागण होऊन गेलेली असते, ही तिसरी. पहिल्या दोन वंशातून येतात. तिसरी वंशातून येत नाही, ती त्या गोठ्यात आणि त्या कुरणात वाढल्याने मिळते. गोचीड तापाने आपल्या दूधधंद्याचे जे नुकसान होते, त्यातला मोठा भाग या तिघांची गल्लत केल्याने होतो असे माझे मत आहे, आणि पुढचे सगळे विवेचन त्याच्याच समर्थनासाठी आहे.

नुकसान किरकोळ नाही. मिंजाव आणि मॅक्लिऑड या अभ्यासकांनी २००३ मध्ये गोचीड आणि गोचीडजन्य रोगांमुळे भारताला वर्षाला सुमारे ५० कोटी डॉलरचा फटका बसतो असा अंदाज मांडला होता. ज्याची वीस लिटरची गाय व्यायल्यावर महिन्याभरात जाते, त्या घराला मात्र हा आकडा सांगून उपयोग नाही. तिथे कर्जाचे हप्ते आणि डेअरीचे पगारपत्रक हाच हिशेब असतो.

दोन गोचीड, दोन घरे

आपल्याकडच्या गुरांवर प्रामुख्याने दोन प्रकारचे गोचीड दिसतात, आणि त्यांच्यातला फरक कळल्याशिवाय रोगांचा फरक कळत नाही. पहिला रिपिसेफॅलस मायक्रोप्लस, जुन्या पुस्तकांतला बूफिलस. याचे सहा पायांचे पिलू गवताच्या पात्यावरून गायीवर चढते आणि तिथेच मुक्काम ठोकते. दोनदा कात टाकते, मोठे होते, नर-मादीची गाठही तिथेच पडते. रक्ताने टम्म फुगलेली करडी मादी साधारण तीन आठवड्यांनी खाली पडते, ओलसर आडोशाला दोन-तीन हजार अंडी घालते आणि मरते. पिलू ते मादी एवढे आयुष्य एकाच गायीवर जाते.

दुसरा हायलोमा अनाटोलिकम. हा तपकिरी, लांब पायांचा आणि लांब सोंडेचा. तो गायीवर कायम राहत नाही. लहान अवस्थेत रक्त पिऊन गळून पडतो, गोठ्याच्या भिंतीच्या भेगेत, दगडांच्या सांदीत, गव्हाणीच्या बुडाशी कात टाकतो आणि मोठा होऊन पुन्हा गाय शोधतो. म्हणजे बूफिलस गायीवर राहतो आणि हायलोमा गोठ्यात राहतो. औषध फक्त गायीच्या अंगावर मारले की बूफिलस बऱ्यापैकी आटोक्यात येतो. हायलोमाची फौज त्या वेळी भिंतीत बसलेली असते.

या दोघांच्या राहणीतच त्यांच्या रोगांचे गणित आहे. बूफिलस बबेसिया हा एकपेशीय परजीवी पसरवतो. त्याचे आयुष्य एकाच गायीवर जात असल्याने रोग एका गायीकडून दुसरीकडे नेण्याचा मार्ग अंड्यांतून जातो: आजारी गायीचे रक्त प्यायलेल्या मादीची अंडीच बाधित होतात आणि पुढच्या पिढीची पिले तो परजीवी घेऊन जन्मतात. हायलोमा थायलेरिया अन्युलाटा पसरवतो. हा अंड्यांतून जात नाही. लहान अवस्थेत एका गायीकडून घेतलेला परजीवी कात टाकल्यानंतरच्या अवस्थेत दुसऱ्या गायीला दिला जातो. आपल्याकडे ज्याला सर्रास गोचीड ताप म्हणतात तो बहुतेक वेळा हाच, थायलेरिओसिस. बबेसिओसिसमध्ये तांबड्या पेशी रक्तातच फुटतात, त्यांतला लाल रंग मूत्रपिंडातून उतरतो आणि लघवी कॉफीच्या रंगाची होते. तिसरा आजार अ‍ॅनाप्लाझ्मोसिस. त्याचा कारक जिवाणू आहे, पण उपचाराच्या वेळी तो या दोघांच्या पंगतीत बसतो. त्यात लघवी लाल होत नाही. पेशी प्लीहेत मोडल्या जातात, गाय पांढरीफटक पडते आणि पुढे कावीळ दिसते. तो गोचिडाशिवाय चावऱ्या माश्यांमुळे आणि एकच सुई अनेक जनावरांना टोचल्यानेही पसरतो, हे लसीकरणाच्या शिबिरात विसरले जाते.

थायलेरियाच्या बाबतीत शेतकऱ्याच्या बाजूने एक गोष्ट आहे. बाधित हायलोमा चिकटल्या क्षणी रोग देत नाही. त्याच्या लाळग्रंथीतला परजीवी गाय चावल्यानंतर पक्व होऊ लागतो आणि त्याला दोन-तीन दिवस लागतात. रोज सकाळ-संध्याकाळ हाताने गोचीड काढण्याची जी पद्धत जुन्या घरांत होती, तिला हा शास्त्रीय आधार आहे. त्यातून सगळे गोचीड सापडत नाहीत हे खरे. पण जे पहिल्या दोन दिवसांत सापडतात, ते रोग देण्याआधी निघतात.

टेक्सासच्या गुरांचा धडा

देशी आणि परकी या भेदाची शास्त्रीय चर्चा भारतात सुरू झाली नाही. ती अमेरिकेत सुरू झाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टेक्सासमधली लांब शिंगांची गुरे उत्तरेकडे मिसुरी, कॅन्सस, इलिनॉयपर्यंत हाकत नेली जात. ती स्वतः ठणठणीत असत. पण ती ज्या वाटेने गेली, तिथे चरलेली स्थानिक गुरे महिन्या-दीड महिन्याने तापाने आणि लाल लघवीने मरत. मिसुरीचे शेतकरी बंदुका घेऊन कळप अडवू लागले. निरोगी गुरे रोग कशी पसरवतील, हा टेक्सासच्या मालकांचा प्रश्न होता, आणि तेव्हाच्या समजुतीनुसार तो रास्त होता.

थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेडरिक किलबोर्न यांनी १८८९ पासून चार वर्षे शेतातच प्रयोग मांडून याचे उत्तर दिले. काही टेक्सासच्या गुरांवरचे गोचीड एकेक करून काढले आणि त्यांना उत्तरेच्या गुरांबरोबर ठेवले, तेव्हा रोग झाला नाही. दुसरीकडे गुरे न आणता फक्त गोचीड शेतात सोडले, तेव्हा रोग झाला. १८९३ मध्ये त्यांचा अहवाल निघाला. किड्यासारख्या प्राण्यामार्फत परजीवी रोग पसरतो याचा तो पहिला पक्का पुरावा. डासामुळे हिवताप पसरतो हे रोनाल्ड रॉस यांनी भारतात दाखवले ते त्यानंतर चार-पाच वर्षांनी. गुरांच्या वैद्यकाने माणसांच्या वैद्यकाला वाट दाखवली, आणि याचे श्रेय पशुवैद्यकाला हवे तेवढे दिले जात नाही असे मला नेहमी वाटते.

आपल्या प्रश्नासाठी यातला महत्त्वाचा मुद्दा वेगळा आहे. टेक्सासची ती गुरे वशिंडाची नव्हती. ती मुख्यतः स्पॅनिश वसाहतकारांनी आणलेल्या युरोपीय गुरांची संतती होती. मग ती तगली कशी? कारण ती गोचिडांच्या प्रदेशात जन्मली आणि वासरू असतानाच त्यांना लागण होऊन गेली. वंशाचा वाटा त्यात फारच कमी. उत्तरेची गुरे थंडीमुळे गोचीडमुक्त प्रदेशात वाढली आणि मोठेपणी एकदम रोगाच्या तोंडी गेली. टेक्सासच्या कळपांचा काटकपणा म्हणजे बालपणी मिळालेली प्रतिकारशक्ती होती. म्हणून कुठल्याही गायीबद्दल विचारताना तिचा वंश जितका महत्त्वाचा, तितकेच ती कुठे वाढली हेही महत्त्वाचे.

वासरूपणाची सवलत आणि तिच्या मर्यादा

बबेसियाच्या बाबतीत निसर्गाने वासरांना मोठी सवलत दिली आहे. साधारण नऊ महिन्यांपर्यंतच्या वासराला लागण झाली तरी आजार बहुधा सौम्य असतो. रोगातून उठलेल्या आईच्या चिकातून आलेली प्रतिद्रव्ये आणि वासराच्या शरीराची स्वतःची, वयाशी बांधलेली क्षमता अशी दुहेरी ढाल असते. या काळात लागण झाली की पुढे दीर्घकाळ प्रतिकारशक्ती टिकते. मोठ्या गायीला हीच लागण पहिल्यांदा झाली तर ती मरू शकते. लहान मुलांच्या आजारांबद्दल आपला जो अनुभव आहे, त्याच्या हे नेमके उलट आहे. म्हणूनच ते पटायला वेळ लागतो.

ऑस्ट्रेलियातले संशोधक महोनी आणि रॉस यांनी १९७२ मध्ये यावरून एक गणिती मांडणी केली. कळपातल्या जवळपास सगळ्या वासरांना नऊ महिन्यांच्या आत लागण होईल इतके गोचीड असतील, तर तिथे रोग असूनही आजारी गायी दिसत नाहीत. गोचीड मुळीच नसतील तरी आजार दिसत नाही. धोका मधल्या अवस्थेत आहे. गोचीड थोडे असतात, काही वासरे लागण न होताच मोठी होतात आणि मग मोठेपणी सापडतात. अर्धवट गोचीड नियंत्रण कधी कधी मुळीच नियंत्रण न केल्यापेक्षा महागात पडते ते यामुळे. दोन महिने नेटाने फवारणी करायची, मग कंटाळून सोडायची, मग पावसाळ्यानंतर गोचीड फुटले की पुन्हा धावपळ, हा आपल्या अनेक गोठ्यांचा क्रम नेमका त्या धोक्याच्या मधल्या पट्ट्यात जाऊन बसतो.

पण हे तत्त्व थायलेरियाला जसेच्या तसे लावता येत नाही, आणि इथे अनेक सल्लागारांची चूक होते. थायलेरिया वासरांना ती सवलत देत नाही. देशी वासरू बहुतेक वेळा सौम्य तापावर सुटते. संकरित वासरू एक-दोन महिन्यांचे असतानाही मरू शकते. त्याच्या गाठी सुजतात, कधी डोळे खोबणीतून पुढे येऊ लागतात, हगवण लागते. ‘लहानपणी थोडे गोचीड लागू द्या, आपोआप ताकद येईल’ हा सल्ला खिलारच्या वासराला चालेल. होल्स्टीनचे रक्त जास्त असलेल्या कालवडीला तोच सल्ला जीवघेणा ठरू शकतो. वंश आणि बालपण या दोन्ही गोष्टी इथे एकमेकींत गुंततात.

पेशीच्या आत

थायलेरिया काय करतो हे पाहिल्याशिवाय वंशाचा मुद्दा उलगडत नाही. गोचिडाच्या लाळेतून आलेला परजीवी तांबड्या पेशीत जाण्याआधी पांढऱ्या पेशींत शिरतो, विशेषतः संरक्षणाची पहिली फळी सांभाळणाऱ्या मॅक्रोफेज या भक्षक पेशींत. तिथे तो पेशीचा ताबा घेतो आणि तिला अखंड विभागायला लावतो. पेशी दुभंगताना परजीवीही तिच्या विभाजन-तंतूंना बिलगून दुभंगतो आणि दोन्ही नव्या पेशींत वाटला जातो. कर्करोगाची पेशी जशी वागते तशी ही पेशी वागू लागते. परजीवी औषधाने मारला तर मात्र ती पुन्हा ताळ्यावर येते. ही परत फिरण्याची शक्यता कर्करोगाच्या अभ्यासकांनाही फार मोलाची वाटते.

हे डोळ्यांनी पाहता येते. खांद्यापुढच्या सुजलेल्या गाठीत सुई घालून काढलेला थेंब काचपट्टीवर पसरवायचा, मिथेनॉलमध्ये स्थिर करायचा, जिम्साने रंगवायचा आणि तेल टाकून शंभरच्या भिंगाखाली ठेवायचा. फुगलेल्या पांढऱ्या पेशींच्या पोटात निळसर पुंजके दिसतात आणि त्यांत जांभळे ठिपके विखुरलेले असतात. रॉबर्ट कॉख यांच्या नावाने ते ‘कॉखचे निळे पिंड’ म्हणून ओळखले जातात. हे दिसले म्हणजे रोग आत्ता, या घडीला चढतो आहे. कानाच्या रक्ताच्या पट्टीत तांबड्या पेशींत अंगठीसारखे बारीक परजीवी दिसणे वेगळे. ते महिनोन्‌महिने निरोगी, दुभत्या, व्यवस्थित खाणाऱ्या गायीतही दिसतात, कारण बरी झालेली गाय वाहक राहते. पीसीआर तपासणी तर याहून सूक्ष्म, ती आणखी जास्त निरोगी गायी ‘पॉझिटिव्ह’ दाखवते. रक्तात परजीवी सापडला एवढ्यावरून महागडे इंजेक्शन देणे हा गाठीची पट्टी न पाहिल्याचा परिणाम असतो. खांद्यापुढच्या गाठीतून नमुना घेणे अवघड नाही. त्याची सवय लागली पाहिजे.

आता वंश. एडिंबरामध्ये एलिझाबेथ ग्लास आणि सहकाऱ्यांनी साहिवाल आणि होल्स्टीन वासरांना थायलेरिया अन्युलाटाची प्रायोगिक लागण करून २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ही वासरे या परजीवीला पूर्वी कधी सामोरी गेलेली नव्हती, त्यामुळे बालपणीच्या प्रतिकारशक्तीचा प्रश्नच नव्हता. लागण दोन्हींना झाली. होल्स्टीनना जो आजार झेपला नाही, त्यातून साहिवाल बरी झाली. त्यांचा ताप कमी चढला आणि दाह वाढला की रक्तात वाढणारी प्रथिनेही त्यांच्यात बरीच कमी राहिली. याचा अर्थ मोठा आहे. साहिवालच्या शरीरात परजीवीला दार बंद नव्हते. परजीवीने ताबा घेतलेल्या पेशी दाहकारक रसायनांचा जो पूर सोडतात, ज्याने ताप येतो, भूक मरते, रक्त आटते आणि फुप्फुसात पाणी साठते, तो पूर साहिवालच्या शरीरात आवरला गेला. होल्स्टीनला परजीवी जितका मारतो, तितकेच त्याला दिलेले उत्तरही मारते.

या शोधाचा जनावर विकत घेणाऱ्याने लक्षात ठेवावा असा परिणाम असा, की देशी गाय रोगमुक्त नसते, ती रोग पेलते. त्याच गोठ्यात ती वाहक म्हणून उभी असते, तिच्यावर पोसलेला हायलोमा भिंतीत शिरतो, कात टाकतो आणि नव्या परप्रांतीय गायीवर चढतो. म्हशीही बऱ्याचदा अशाच वाहक असतात. ‘देशी गायी आहेत म्हणजे गोठा सुरक्षित’ ही समजूत म्हणूनच उलटी आहे. थायलेरियाचा पाळणा अनेकदा तोच असतो. देशी गायीचा त्यात काही दोष नाही. तिच्या शेजारी काय बांधायचे आणि कोणत्या तयारीने बांधायचे, एवढाच प्रश्न आहे.

कातडीवरचा प्रतिकार

सुरुवातीच्या तिघांतला पहिला, कातडीचा मुद्दा थोडक्यात सांगता येईल, कारण त्याचा पुरावा सर्वांत जुना आणि निःसंदिग्ध आहे. बूफिलस मूळचा दक्षिण आणि आग्नेय आशियातला मानला जातो. वशिंडाची गाय आणि तो हजारो वर्षे एकत्र नांदले. १८७२ साली जावातून डार्विनला उतरलेल्या गुरांबरोबर तो ऑस्ट्रेलियात पोचला आणि क्वीन्सलँडच्या युरोपीय गुरांची वाताहत झाली. तिथल्या लोकांनी पुढे भारतीय वंशाची ब्रह्मन गुरे आणली आणि मोजदाद केली. अंगावर सोडलेल्या पिलांपैकी ब्रह्मन गायीवर शंभरातली जेमतेम एक-दोन पूर्ण वाढून रक्ताने फुगलेल्या मादीपर्यंत पोचत. युरोपीय जातींवर दहा किंवा त्याहून जास्त. पहिल्या काही वेळा गोचीड लागल्यानंतर त्वचा पिलाच्या चाव्याला खाजेने आणि सुजेने उत्तर देते, गाय ती जागा चाटते, कातडी थरथरवते, आणि पिले टिकत नाहीत. या गुणाची आनुवंशिकता बऱ्यापैकी आहे. म्हणजे निवड करून तो वाढवता येतो. ब्राझीलने आपल्या गीरचे रक्त होल्स्टीनमध्ये मिसळून गिरोलांडो ही पाच-अष्टमांश होल्स्टीन आणि तीन-अष्टमांश गीर अशी जात रूढ केली, त्यामागे दूध हे कारण होतेच, पण गोचीड हेही होते.

संकरीकरणाचा हिशेब

भारतात १९६० आणि ७० च्या दशकांत संकरीकरण धोरण म्हणून आले. महाराष्ट्रात मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळीकांचनला स्थापन केलेल्या बाएफने गोठवलेले विदेशी वीर्य गावोगाव नेले. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने होल्स्टीन, जर्सी आणि गीर यांच्या संगमातून फुले त्रिवेणी घडवली. कोरडवाहू भागातल्या कुटुंबांच्या हाती दर दहा दिवसांनी पैसा आला तो या गायींमुळे, आणि त्या कामाबद्दल मला आदर आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशातल्या सुमारे १९ कोटी गायी-बैलांपैकी ५ कोटी विदेशी किंवा संकरित होते.

पण ज्या वीर्याने दूध वाढवले, त्याच वीर्याने कातडीचा आणि पेशींचा प्रतिकार पातळ केला, आणि ही उणीव भरून काढायची सोय त्याच वेगाने गावात पोचली नाही. सोय होती. थायलेरियाची लस भारतातच तयार झाली. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या प्रयत्नांतून आलेली आणि हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्सने ‘रक्षावॅक-टी’ नावाने बनवलेली ही लस म्हणजे प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवून दुबळ्या केलेल्या परजीवीच्या बाधित पेशी. त्या जिवंत असतात, म्हणून द्रव नायट्रोजनमध्ये ठेवाव्या लागतात. ‘एवढी शीतसाखळी खेड्यात कुठून आणणार’ हे तिचा वापर मर्यादित राहण्याचे नेहमीचे कारण सांगितले जाते. मला हे कारण मुळीच पटत नाही. विदेशी वळूचे वीर्य ज्या द्रव नायट्रोजनच्या कंटेनरमधून मोटारसायकलवर वाडीवस्तीवर जाते, तोच कंटेनर हीच थंडी देतो. रेतन करणारा माणूस कालवडीच्या जन्माची नोंद ठेवतो, गोठा ओळखतो, मालक ओळखतो. जी कालवड त्याच्या कांडीतून जन्मली, तिला दोन-तीन महिन्यांची झाल्यावर तिथल्याच पशुवैद्यकाने लस टोचावी, एवढे दोन कामांचे नाते बांधता आले असते. अजूनही बांधता येईल. ही लस मोठ्या गाभण गायींवर घाईने वापरायची नव्हे. तिची खरी जागा वासरूपण हीच आहे, कारण होल्स्टीन कालवडीच्या वंशात जे नाही, ते बालपणात पेरायचे आहे.

लस नसेल तिथे उपचार. बुपार्वाक्वोन, वजनाच्या किलोमागे २.५ मिलिग्रॅम, स्नायूत, हे थायलेरियावरचे मुख्य अस्त्र आहे. ते लवकर दिले तर उत्तम काम करते. गाय पांढरी पडून धापा टाकू लागल्यावर परजीवी मरतो, पण गाय वाचेलच असे नाही. तेव्हा रक्त चढवणे अधिक उपयोगी. ट्युनिशिया, इराण, सुदान अशा देशांत या औषधाला दाद न देणारे परजीवी आढळले आहेत. त्यांच्या सायटोक्रोम-बी जनुकात बदल झालेले असतात. अर्धा डोस, अंदाजाने दिलेला डोस आणि नुसत्या ‘पॉझिटिव्ह’ अहवालावर दिलेला डोस आपल्यालाही त्याच दिशेने नेईल. बबेसियावर डिमिनाझिन किंवा इमिडोकार्ब, अ‍ॅनाप्लाझ्मावर ऑक्सिटेट्रासायक्लिन. कोणते कशाला, हे पट्टी पाहून पशुवैद्यकाने ठरवायचे असते. तिन्ही एकदम टोचणे याला उपचार म्हणता येत नाही.

विकत आणलेल्या गायीबद्दलचा पंधरा-वीस दिवसांचा हिशेबही आता लागतो. थायलेरियाचा अधिशयनकाळ साधारण दीड ते साडेतीन आठवडे असतो. ती गाय आली त्या दिवशी निरोगी असू शकते आणि लागण आपल्याच भिंतीतल्या गोचिडाने दिलेली असू शकते. उलटही घडते: वाहक गाय प्रवासाच्या किंवा व्यायल्याच्या ताणाने पुन्हा आजारी पडते. दोन्ही शक्यतांवर उत्तर एकच निघते. आणण्याआधी भेगा सिमेंटने बुजवाव्यात, भिंती फ्लेमगनने जाळून घ्याव्यात, शेणाचे ढीग गोठ्यापासून दूर न्यावेत. नव्या गायीला तीन आठवडे वेगळे बांधावे आणि रोज ताप मोजावा. १०३ च्या वर गेला की गाठ पाहावी. कोंबड्या मोकळ्या सोडल्या तर त्या फुगलेल्या माद्या टिपतात, हे जुन्या घरांना माहीत होते. औषधांच्या बाबतीत सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन यांना गोचीड अनेक भागांत सरावले आहेत. तेच औषध अधिक दाट करून मारण्यापेक्षा गट बदलणे आणि भिंतीकडे लक्ष देणे शहाणपणाचे.

शेवटी पैदास. आपल्याकडे वळूची परीक्षा त्याच्या मुलींच्या दुधावर होते, फॅटवर होते. त्या मुलींच्या अंगावर गोचीड किती टिकतात हे मोजण्याची रीत नाही. ऑस्ट्रेलियाची पद्धत साधी आहे: गायीच्या एका बाजूवरच्या, साडेचार ते आठ मिलिमीटर लांबीच्या माद्या मोजायच्या आणि दुप्पट करायच्या. एवढ्याच मोठ्या माद्या घ्यायच्या, कारण त्या येत्या चोवीस तासांत गळून पडणार असतात, म्हणून ती मोजणी म्हणजे त्या दिवसाचे उत्पन्न. याला प्रयोगशाळा लागत नाही. आपल्या बहुतेक गोठ्यांत धार काढणारी बाई रोज दोनदा कासेला, जांघेला, पोळीला हात लावते, आणि कोणत्या गायीला जास्त गोचीड लागतात हे तिला न विचारताच माहीत असते. दूधनोंदीच्या वहीत लिटर आणि फॅटशेजारी एक रकाना वाढवला आणि तो भरायचे काम तिच्याकडे दिले, तर दहा वर्षांत कोणत्या वळूच्या मुली आपल्या हवेत तगतात याची माहिती गोळा होईल, आणि मग संकरित गायीत किती होल्स्टीन ठेवायचे हा वाद अंदाजावर घालावा लागणार नाही.